सिग्नलला तापणारी गाडी

गाडी तापते अशी तक्रार घेऊन कुणी गॅरेजमध्ये आलं, की पहिला प्रश्न विचारायला हवा तो ‘कधी?’ हा. काटा कुठपर्यंत जातो, पाणी किती टाकावं लागतं, धूर येतो का, हे सगळं नंतर. दोन गाड्यांचे काटे तांबड्या रेघेपाशी नेमके एकाच जागी पोचलेले असतात. पण एकीचा काटा हायवेला ऐंशीच्या वेगात चढलेला असतो आणि दुसरीचा घोडबंदर रोडवर, पुढच्या टेम्पोमागून अर्धा तास सरपटताना. पहिलीचा दोष बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत सापडतो, दुसरीचा हवेच्या. एवढी एक गोष्ट विचारली नाही, तर मग रेडिएटर बदलला जातो, वॉटर पंप बदलला जातो, थर्मोस्टॅट काढून फेकला जातो, बिल पाच आकडी होतं आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी गाडी त्याच सिग्नलला पुन्हा वाफ सोडत उभी राहते.

हे प्रकरण त्या दुसऱ्या गाडीचं आहे. मोकळ्या रस्त्यावर तक्रार नाही, गर्दीत अडकली की ताप.

वरवर पाहता हे उलटं वाटतं. इंजिनाला खरे कष्ट हायवेला पडतात, मग ते उभ्याउभ्या का तापावं? थोडा हिशेब मांडून पाहू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे ३३ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. ढोबळ मानाने तिचे तीन वाटे पडतात: एक चाकांच्या कामी येतो, एक सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत आणि तिथून कूलंटमध्ये उतरतो. लिटरला वीस किलोमीटर देणारी छोटी गाडी ताशी ऐंशीने चालली, तर तासाला चार लिटर पेट्रोल पिते. त्यातली सुमारे बारा किलोवॅट उष्णता रेडिएटरला दर क्षणी बाहेर टाकावी लागते. तीच गाडी एसी लावून सिग्नलला उभी असेल, तर तासाला साधारण एक लिटर जळतं. कूलंटच्या वाट्याला तीन किलोवॅट येतात. म्हणजे उभी गाडी हायवेच्या पाव हिश्श्याइतकीच उष्णता तयार करते, आणि नेमकी तेवढीच तिला झेपत नाही.

झेपत नाही, कारण रेडिएटर पाण्याच्या जोरावर चालत नाही, वाऱ्याच्या जोरावर चालतो. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. एवढा वारा पुढच्या जाळीवर आपोआप आदळत असतो; तेव्हा फॅन बंद पडलेला असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी थांबली की हा फुकटचा वारा शून्यावर येतो आणि सगळा भार रेडिएटरमागच्या त्या एका फॅनवर पडतो. हायवेवर महिनोन्‌महिने लपून राहिलेला फॅनचा दोष पहिल्या मोठ्या ट्रॅफिक जॅममध्ये उघडा पडतो, तो असा.

दुसरी गोष्ट हवेच्या तापमानाची. उष्णता किती निघून जाईल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानात किती अंतर आहे त्यावर ठरतं. जानेवारीच्या सकाळी कूलंट ९५ अंश आणि हवा २५ अंश असेल, तर अंतर ७० अंशांचं. आता मे महिन्यातली दुपार घ्या. हवामान खातं ४० अंश म्हणतं ते सावलीतलं. डांबराच्या वर, पुढच्या बसच्या सायलेन्सरमागे हवा त्याहून चांगलीच गरम असते. ५० धरा. शिवाय रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर बसवलेला असतो. आतल्या माणसांची सगळी गरमी तो याच हवेत सोडतो आणि मग ती हवा रेडिएटरपर्यंत पोचते. तोवर ती साठीला टेकलेली असते. अंतर उरलं ३५ अंशांचं, म्हणजे जानेवारीच्या निम्मं. रेडिएटर तोच, कूलंट तेच, फॅनही तोच. पण काम अर्ध्यावर आलं. सगळं धडधाकट असलेली गाडी हे सहन करते, कारण बनवणाऱ्याने तेवढी मुभा ठेवलेली असते. जिच्या फॅनमध्ये, जाळीत किंवा झाकणात थोडी कसर आहे, तिला ही दुपार झेपत नाही.

मोटारीच्या जन्मापासून हा प्रश्न तिच्यासोबत आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी इंजिनाभोवती उकळून उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावं लागे. खरी सुधारणा झाली ती विल्हेल्म मायबाखच्या हातून. १९०१ साली नीसच्या शर्यतींत उतरलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझसाठी त्याने सहा मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच उंच अशा ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडून जाळीदार रेडिएटर केला. पाणी निम्म्यावर आलं, सुमारे नऊ लिटर पुरू लागलं. आपल्या विषयाच्या दृष्टीने मला त्यातली महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट: गाडी हळू चालताना वारा कमी पडतो हे ओळखून रेडिएटरच्या मागे पंखा बसवलेला होता. पुढे फोर्डच्या मॉडेल टी-मध्ये, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याला पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढे, थंड खाली येई, तेवढ्यावर भागवलेलं होतं. पंखा मात्र तिथेही होताच.

आपल्याकडच्या फियाट आणि अॅम्बॅसिडर ज्यांनी चालवल्या, त्यांना बेल्टवरचा फॅन ठाऊक आहे. इंजिन फिरेल त्या प्रमाणात तो फिरणार. म्हणजे गाडी उभी असताना, वाऱ्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हा, तो सगळ्यात मंद. म्हणून जुने टॅक्सीवाले सिग्नलला गिअर काढून मधूनमधून हलकी रेस देत. त्यात मोठी अक्कल होती: रेस दिली की फॅन आणि पाण्याचा पंप, दोन्ही जोरात फिरत. १९८३ साली मारुती ८०० आली आणि विजेचा फॅन घरोघरी पोचला. आडव्या बसवलेल्या इंजिनाची पुली रेडिएटरकडे तोंड करून नसते, त्यामुळे फॅनला स्वतंत्र मोटर देणंच सोयीचं. फायदा असा की इंजिन मंद असलं तरी फॅन पूर्ण जोरात फिरतो. तोटा असा की आता वाऱ्याचा सगळा भरवसा एक मोटर, एक रिले, एक फ्यूज, एक सेन्सर आणि दोन वायरी यांच्यावर येऊन ठेपला. यातलं काहीही गेलं की गाडी सिग्नलला उघडी पडते.

ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये पाहिलेली तपासणी इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण ती योग्य क्रमाने झाली होती. दहाएक वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक. मालकाने आधी दुसरीकडे कूलंट बदलून घेतलेलं, थर्मोस्टॅटही नवा. तरी संध्याकाळच्या गर्दीत काटा चढायचाच. मिस्त्रींनी बोनेटला हात लावण्याआधी विचारलं, “साहेब, सिग्नलला एसी कसा चालतो?”

“एसीचं वेगळं आहे हो. चालत्या गाडीत मस्त थंड, थांबलो की नुसती हवा. गॅस भरायला झालाय बहुतेक.”

“गॅस राहू द्या. तुमचं दुखणं एकच आहे.”

या एका प्रश्नात निम्मं निदान झालं. एसीच्या कंडेन्सरला आणि रेडिएटरला वारा पुरवतात ते एकाच जागचे पंखे. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर दोघांत मिळून एकच फॅन असतो. वारा कमी झाला की आधी एसी बोलतो, काटा पुष्कळ नंतर हलतो. थांबल्यावर एसी गरम हवा टाकू लागला आणि गाडी हलताच पुन्हा थंड झाला, तर गॅस भरायला पळू नये. इंजिन तापायच्या कित्येक आठवडे आधी मिळालेली ती सूचना असते.

मग त्यांनी इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावलं आणि एसीचं बटण दाबायला सांगितलं. बहुतेक गाड्यांत एसी लागला की फॅन लगेच फिरायला हवा, इंजिन गरम होण्याची वाट न बघता. हा फार उपयोगी तपास आहे, कारण त्यात सेन्सरचा प्रश्न बाजूला पडतो. एसीवर फॅन फिरला, पण इंजिन तापल्यावर एसी बंद असताना फिरला नाही, तर मोटर ठीक आहे. दोष तापमान ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. एसीवरही फिरला नाही, तर पुढे जायचं. इथे फॅनने एक झटका घेतला आणि तो थांबला.

फ्यूज पाहिला, शाबूत. फ्यूज बॉक्समध्ये फॅनचा आणि हॉर्नचा रिले एकाच जातीचे होते. त्यांची अदलाबदल केली. हॉर्न वाजला, म्हणजे फॅनचा रिले चांगला. रिलेचा ‘टक्’ आवाज बोटाला जाणवत होता. मग मोटरजवळचा कपलर सोडला आणि त्यात टेस्ट लॅम्प लावला. दिवा लख्ख पेटला. वीज मोटरच्या दारापर्यंत येत होती. कपलर परत बसवून मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर दोन हलके ठोके दिले, आणि फॅन कण्हत फिरू लागला.

मोटर काढून उघडली तेव्हा कारण हातात आलं. कार्बन झिजून दाण्याएवढे उरले होते, मागची स्प्रिंग त्यांना आर्मेचरवर दाबू शकत नव्हती. आर्मेचरची तांब्याची पट्टी जिथे चकचकीत हवी तिथे काळी पडलेली. कपलरची एक पिन तपकिरी झाली होती आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळून मऊ गोळा झालं होतं. अशी मोटर कधी चालते, कधी अडते. बरेचदा थंड असताना सुटते, गरम झाली की थांबते. म्हणूनच आधीच्या गॅरेजमध्ये सकाळी तपासली तेव्हा ती शहाण्यासारखी फिरली असणार. नवी मोटर बसवताना मिस्त्रींनी कपलरही बदलला. हे फार जण करत नाहीत. जळक्या पिनेवर नवी मोटर लावली, तर तिला पुरता करंट मिळत नाही आणि पिन आणखी तापते.

इथेच थांबले असते तरी गाडी बरी झाली असती. पण त्यांनी वरचे दोन क्लॅम्प सोडून रेडिएटर मागे झुकवला आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत मागून टॉर्च धरला. उजेड पलीकडे आला नाही. त्या फटीत धूळ, मेलेली पाखरं, उन्हाळ्यात उडणारा सावरीचा कापूस आणि चॉकलेटचं एक वेष्टन यांची चांगली जाड गादी जमली होती. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. सर्व्हिसिंगला दर वेळी समोरून पाणी मारलं जायचं आणि प्रत्येक फवारा तो कचरा आणखी आत ढकलत होता. धुवायचं ते इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळीने. प्रेशर गन जवळून मारली की पंखांच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि कायमची वाट बंद होते.

सगळं बसवल्यावर शेवटचा तपास: एसी चालू, फॅन चालू, आणि पुढच्या जाळीवर वहीचा एक कागद धरून सोडला. कागद जाळीला चिकटून राहिला. वारा आत ओढला जातोय, याची याहून सोपी खूण नाही. मोटर बदलताना वायरी उलट लागल्या, तर फॅन फिरतो, आवाजही करतो, पण हवा पुढे फेकतो. गाडी थांबलेली असतानाही कागद उडून जातो. अशा गाड्या महिनोन्‌महिने एका गॅरेजमधून दुसऱ्यात फिरतात, कारण ‘फॅन चालू आहे’ एवढंच प्रत्येकजण बघतो.

फॅन दोन वेगांचा असेल, तर दोन्ही वेग पाहावे लागतात. बऱ्याच गाड्यांत मंद वेगासाठी एक रेझिस्टर असतो आणि तो जळाला की मंद वेग बंद, जोराचा वेग मात्र शाबूत राहतो. मग फॅन उशिरा, काटा बराच चढल्यावर, एकदम घोंघावत सुरू होतो. वायरमनकडे यावर एक ठरलेला इलाज असतो: ‘फॅन डायरेक्ट करून देतो.’ चावी लावली की फॅन कायम चालू. घाटात अडकलेल्या माणसाला घरी पोचवण्यापुरतं हे ठीक. पण कायमचं म्हणून स्वीकारू नका. मोटर गरज नसताना फिरून लवकर झिजते, आणि रिले टाळून ओढलेली बारीक वायर दहा-वीस अॅम्पिअरचा करंट सोसत बोनेटखाली तापत राहते.

वाऱ्याच्या वाटेवरच्या आणखी काही गोष्टी सहज सुटतात. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं श्राउड फॅनला संपूर्ण रेडिएटरमधून हवा ओढायला लावतं. ते नसेल तर फॅन जेवढ्या वर्तुळासमोर फिरतो तेवढ्याच भागातून हवा येते, आणि मागची गरम हवाच कडेने फिरून परत येते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात, बंपरखाली प्लॅस्टिकचा ट्रे असतो. पुढून ठोकलेली गाडी दुरुस्त होऊन येते तेव्हा रंग, दिवे, नंबर प्लेट सगळं जागेवर असतं. या पट्ट्या आणि तो ट्रे मात्र डेंटिंगवाल्याच्या कोपऱ्यात राहून जातात. ‘अपघातानंतर तापायला लागली’ असं कुणी म्हणालं, की मी आधी तिथे पाहीन. शोभेसाठी जाळीमागे लावलेली बारीक छिद्रांची पत्रा-जाळी आणि रेडिएटरसमोरच बसवलेले जादा दिवे, हेही त्याच यादीतले.

आता समजा फॅन चोख आहे, कागद चिकटतो, फट स्वच्छ आहे, तरी गाडी गर्दीतच तापते. मग पाण्याकडे वळायचं.

पहिलं रेडिएटरचं झाकण. दिसायला क्षुल्लक, काम मोठं. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखंच ते आतला दाब धरून ठेवतं आणि ठरावीक हद्दीनंतर सोडतं. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला सुमारे ९५ अंशांनाच. अर्धं पाणी आणि अर्धं एथिलीन ग्लायकॉल असं कूलंट मोकळ्या हवेत साधारण १०७ अंशांपर्यंत तग धरतं, आणि झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला की १२५ च्या पुढे. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली, की ही सगळी कमाई जाते. फॅन सुरू होतो ९५ ते १०० अंशांच्या आसपास; साधं पाणी आणि गळकं झाकण असलेल्या गाडीत फॅनने जोर धरेपर्यंत पाणी उकळायलाही लागलेलं असतं. थंड झाल्यावर वरचा होज पाइप चिंबलेला दिसला, किंवा कूलंटची जादा बाटली काठोकाठ भरून वाहते आणि रेडिएटर मात्र अर्धा, तर झाकण बदला. दोनतीनशे रुपयांचं काम आहे, आणि कुठलाही मोठा भाग बदलण्याआधी करण्यासारखं आहे.

दुसरं, आत काय भरलंय. बोअरवेलचं पाणी ओतत राहिलेल्या गाडीचा रेडिएटर आतून पाहिला, तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तपकिरी खर दिसते. आपल्याकडे दुष्काळी पट्ट्यात तर पाण्याचा कडकपणा भांड्यांवरच दिसतो. हा चुन्याचा थर उष्णतेला अॅल्युमिनियमच्या मानाने शंभरेक पट जास्त अडवतो. हायवेला वाऱ्याचा जोर एवढा असतो की ही कसर झाकली जाते; गर्दीत झाकली जात नाही. म्हणून पाणी घालायचंच तर डिस्टिल्ड, आणि कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचं. एक गैरसमजही दूर करायला हवा: निव्वळ कूलंट भरलं तर जास्त थंडावा मिळतो, असं नाही. ग्लायकॉलपेक्षा पाणीच उष्णता चांगली वाहून नेतं. ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं, त्यातली रसायनं गंज रोखतात. दोघांचं मिश्रण हवं ते म्हणूनच.

वॉटर पंपाची परीक्षा बसल्याजागी करता येते. उभ्या गाडीत काटा चढू लागला, की न्यूट्रलमध्ये इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर धरायचं. विजेच्या फॅनवर याचा काही परिणाम नाही. बदलतो तो फक्त पंपाचा वेग. काटा उतरला, तर मंद फेऱ्यांवर पाणी पुरेसं फिरत नाहीये: पंपाची पाती गंजून झिजलीत, बेल्ट घसरतोय, किंवा मुळात कूलंटच कमी आहे. बेल्टवरचा फॅन असलेल्या मोठ्या गाड्यांत मात्र ही परीक्षा दोन अर्थ देते, कारण फॅनही सोबत वेग घेतो. तिथे फॅनच्या मध्यभागी सिलिकॉन तेलाचं व्हिस्कस कपलिंग असतं. इंजिन गरम असताना बंद करून फॅन हाताने ढकलला आणि तो बिनअटकाव गरगरत राहिला, तर कपलिंगचा जीव गेलेला आहे.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा ठासून बोलायचं आहे. गाडी तापते म्हटलं की ‘वॉल काढून टाकू’ हा सल्ला आपल्याकडे इतका सर्रास मिळतो, की पुष्कळांना तो भाग अनावश्यकच वाटतो. सर्जियस व्हर्नेटने १९३० च्या दशकात मेणावर चालणारा थर्मोस्टॅट घडवला, आणि आजही तत्त्व तेच आहे: पितळी डबीतलं मेण साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तो चांगला की वाईट, हे स्वयंपाकघरात कळतं. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात अधांतरी सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि उकळी येईपर्यंत बोट शिरेल इतका उघडला, तर तो निर्दोष आहे, परत बसवा. काढून टाकला तर इंजिन गार राहून जास्त पेट्रोल पितं, लवकर झिजतं. शिवाय अनेक इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना मागची बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परततं, आणि तापण्यावरचा इलाजच ताप वाढवतो.

घाटाचा प्रसंग वेगळा, कारण तिथे दोन्ही संकटं एकत्र येतात. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना गाडी पाचशे मीटरच्या आसपास वर चढते. माणसं आणि सामान धरून १,२०० किलोच्या गाडीला तेवढं वर उचलायला सुमारे सहा मेगाज्यूल काम लागतं. ते करायला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल जादा जळतं आणि त्याची तिसऱ्या हिश्श्याची उष्णता कूलंटमध्ये जाते. मोकळ्या घाटात वारा असतो. सलग सुट्ट्यांच्या पहिल्या सकाळी बोरघाटात पहिल्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीला भार चढाचा असतो आणि वारा सिग्नलचा. तिथे एसी वेळीच बंद करणं, पुढच्या गाडीपासून अंतर सोडून थांबत-थांबत चढणं, अर्धा क्लच धरून गाडी तोलत न राहणं, हे सगळं कामाचं आहे.

काटा चढताना दिसलाच, तर एसी बंद, काचा खाली, आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण जोरात. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण हीटरची जाळी म्हणजे डॅशबोर्डमागचा दुसरा छोटा रेडिएटरच, आणि तो इंजिनाची बरीच उष्णता बाहेर काढतो. तरी काटा उतरेना, किंवा तांबडा दिवा लागला, तर कडेला घेऊन इंजिन बंद. ‘आता दोनच किलोमीटर राहिलेत’ या हिशेबाने जेवढी इंजिनं गेलीत, तेवढी दुसऱ्या कशाने गेली नसावीत. हीटर अचानक थंड हवा टाकू लागला, तर एक क्षणही चालवू नका; त्याच्यापर्यंत कूलंट पोचत नाहीये, आणि सेन्सरही कोरडा पडला असेल तर काटा खोटं सांगतो.

झाकण उघडू नका, हे सगळे सांगतात. का, ते आकड्यात बघा. दाबाखाली ११० अंशांना असलेल्या चार लिटर पाण्यावरचा दाब एकदम सोडला, की त्यातलं दोन टक्के पाणी क्षणात वाफ होतं. दोन टक्के म्हणजे ऐंशी ग्रॅम, आणि त्याची वाफ शंभर लिटरहून जास्त. ती वाफ उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन बाहेर येते, आणि झाकणावर वाकलेला असतो तो चेहरा. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप दाबल्यावर मऊ लागला, की जाड फडक्याने झाकण अर्धं फिरवून दाब जाऊ द्या, मग उघडा. गरम इंजिनात थंडगार पाणी ओतू नका. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं-आकसतं. अॅल्युमिनियमचं हेड एका जागी अचानक आकसलं, की वाकतं किंवा तडकतं.

हेड वाकलं की त्याच्या आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या मधली गॅस्केट जाते, आणि मग सगळी कहाणी उलटते: आधी गाडी तापते म्हणून गॅस्केट गेली, आता गॅस्केट गेली म्हणून गाडी तापते. अशा वेळी नवा फॅन लावून काही होत नाही. खुणा ओळखता येतात. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. उघड्या रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नाहीत. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. कूलंट कुठेही न गळता कमी होतं. चांगल्या गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात. पेट्रोल इंजिनाचा जळका वायू पाण्यात मिसळत असेल, तर निळं पिवळं होतं. हेड खोललं, तर ते सपाट आहे की नाही ते सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहायला लावा. चालणारा बाक बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच असतो, केसाच्या जाडीहून कमी. तो न मोजता नुसती नवी गॅस्केट टाकली, तर थोड्याच दिवसांत हेड पुन्हा खोलावं लागतं.

दुरुस्ती झाली की गाडी ताब्यात घेण्याची घाई करू नका. कूलंट भरताना आत हवा अडकते. हीटर चालू ठेवून, गाडीचं नाक थोडं उंच धरून, बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी लागते. मग दुपारच्या उन्हात, एसी चालू, गाडी उभी, अशी वीसेक मिनिटं इंजिन चालू ठेवायला सांगा. या वेळात काटा मधोमध राहायला हवा आणि शेवटपर्यंत एसीची हवा थंड लागायला हवी. त्यानंतर एसी बंद करा आणि फॅनकडे लक्ष द्या: तो स्वतःहून सुरू झाला पाहिजे, थोड्या वेळाने थांबला पाहिजे, पुन्हा सुरू झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बाटलीतली पातळी कालच्या खुणेशी ताडून पाहा. ती उतरली असेल तर एकदाच भरून घ्या, अडकलेली हवा निघाली असेल. तिसऱ्या दिवशीही उतरली, तर गाडी परत न्या आणि निळ्या द्रावणाची तपासणी करायला सांगा.